गुरुजींची गैरहजेरीची वही: चर्चच्या पंचांना आणि माझ्या वर्गातल्या पोट्ट्यांना खुलं पत्र

आदरणीय पाळकसाहेब, पंच मंडळी, आणि मिशनच्या शाळेत शिकून जगभर पांगलेले माझे दोस्तहो,

नमस्कार, आणि चर्चमधल्यांना जय मसीह की.

मी तुमच्या मंडळीचा मेंबर नाही हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी विचारायला नको की हा कोण आम्हाला शहाणपणा शिकवणारा. आमच्या घरी गणपती बसतो, आई वारकरी होती, आणि चर्चमध्ये मी आयुष्यात फार तर आठ-दहा वेळा गेलो असेन, त्यातले निम्मे नाताळचे केक खायला. पण मला बाराखडी तुमच्या एका मास्तरनं शिकवली. त्या नात्याने लिहितोय, चालवून घ्या.

गेल्या वर्षी पावसाळ्यात शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला. रिटायर्ड टीचर अमुक अमुक प्रभूमध्ये निजले, दफनविधी दुपारी चार वाजता. खाली साठ-सत्तर हात जोडलेले इमोजी. मीही एक टाकला, फोन खिशात घातला आणि बँकेच्या लायनीत पुढे सरकलो. रात्री जेवताना एकदम घास अडकला, की अरे आपण हात जोडून टाकले ते गुरुजींसाठी, आणि आपल्याला त्यांच्याबद्दल सलग पाच ओळी लिहायला सांगितल्या तर येतील का. त्यांचं गाव कोणतं, ते शिकले कुठे, मास्तर कसे झाले, काहीच माहीत नव्हतं. अकरा वर्षं त्यांच्यासमोर बसलो होतो, बालवाडीपासून दहावीपर्यंत, आणि माहिती काय, तर गुरुजी वरणात लिंबू पिळून पीत.

तीन आठवड्यांनी त्यांच्या घरी गेलो. उशीरच तो, दुसरं काय. त्यांची सून चहा देता देता म्हणाली की बाबांची पेटी रिकामी केली, जुने कागद होते, वाळवी लागली होती, रद्दीत घातले. तिचं काही चुकलं नाही, आपल्या घरीही आपण हेच करतो. फक्त एक वही बचावली होती, आणि ती का बचावली तर नातवाने मागच्या कोऱ्या पानांवर गल्लीतल्या क्रिकेट मॅचचे स्कोअर लिहून ठेवले होते. तो पोरगा रद्दीवाल्याच्या हातातून ती वही ओढून पळाला म्हणे. त्या पोराचे उपकार आहेत आपल्यावर.

वही कसली, तर गैरहजेरीची. शाळेचं सरकारी हजेरीपुस्तक वेगळं, त्यात फक्त पी आणि ए. ही गुरुजींची स्वतःची. तारीख, पोराचं नाव, आणि पुढे तो का नाही आला ते. शाळा मध्य प्रदेशातली, हिंदी मीडियमची, म्हणून सगळं हिंदीत. "महुआ बीनने गया." "माँ बीमार, खाना यही बनाती है." "चप्पल टूटी, शरमाता है." "बाप पीकर आया था." "झूठ बोला, बैलगाड़ी की दौड़ देखने गया, मैं भी जाता." मार्च-एप्रिलची पानं नुसती मोहफुलांनी भरलेली. आमच्या शाळेत निम्मी पोरं जंगलाकाठच्या गोंड वस्त्यांमधून यायची, मोहाच्या सीझनला पहाटेपासून अख्खं घर झाडाखाली असायचं, शाळा कोण करतो तेव्हा. आणि गुरुजी त्या महिन्यात नवीन धडा काढायचे नाहीत, उजळणीच घ्यायचे. आम्हाला वाटायचं की गुरुजी उन्हाळ्यात आळशी होतात. वही वाचल्यावर कळलं की ते फुलं वेचायला गेलेल्या पोरांसाठी थांबलेले असायचे. एवढी साधी गोष्ट कळायला मला पंचेचाळीस वर्षं लागली.

माझंही नाव सापडलं. १९७८ चा जुलै. "बारिश. छत टपकती है. कल जाकर देखना." आणि दुसऱ्या दिवशीच्या नोंदीत, वेगळ्या शाईत, "देखा. दो कवेलू दिए." मला ती कौलं आठवतात, म्हणजे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दोन कौलं नवी लालभडक होती आणि बाकी काळी पडलेली हे आठवतं. ती कुठून आली होती हे आईने कधी सांगितलं नाही, मीही कधी विचारलं नाही.

असो. आता मुद्द्यावर येतो.

आपल्याकडचं हे मिशन स्वीडनचं. स्वीडिश ल्यूथरन (म्हणजे मार्टिन ल्यूथरचा प्रॉटेस्टंट पंथ मानणारे) लोक १८७७ मध्ये मध्यप्रांतात आले, नरसिंहपूर, सागर, मग छिंदवाडा, बैतूल असं पसरत गेले, त्यांच्यातूनच पुढे मध्य प्रदेशातलं ल्यूथरन चर्च उभं राहिलं, त्याचं मुख्य ऑफिस छिंदवाड्याला. बैतूल जिल्ह्यातल्या पाढरचं हॉस्पिटल त्याच चर्चचं, १९५८ पासूनचं, आपल्यातल्या निम्म्या जणांच्या घरात कोणी ना कोणी तिथे ॲडमिट झालेलं आहे. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगतो, १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख नागपूरच्याच राज्यात होता, सौंसर-पांढुर्ण्याला आजही घरात मराठीच चालते, आणि छोटी लाइन सुरू होती तोवर नागपूर म्हणजे आमच्यासाठी दवाखाना, कपडे आणि लग्नाची खरेदी. गुरुजी बैतूलकडचे (हे आत्ता सुनेकडून कळलं), घरात हिंदी, पण आमच्यासारख्या मराठी पोट्ट्यांना रागवायचे मात्र वऱ्हाडीत, "काऊन बे, सकाळी काय झोपून उठला की मरून उठला?"

तर ही मिशनरी मंडळी लिहून ठेवण्यात पक्की. त्यांच्याकडे ही सवय फार जुनी. ल्यूथरन मिशन भारतात पहिल्यांदा आलं ते तामिळ किनाऱ्यावर त्रांकेबारला, म्हणजे आताच्या तरंगंबाडीला, १७०६ मध्ये, झिगेनबाल्ग आणि प्लुशाऊ हे दोघे जण. चार वर्षांत, १७१० पासून, त्यांची पत्रं जर्मनीत हाले या गावी छापून निघायला लागली. झिगेनबाल्ग छत्तिसाव्या वर्षी गेला, पण त्याच्याबद्दल आज कपाटभर वाचायला मिळतं. चांगलंच आहे, माझी काही तक्रार नाही. पण आपण एक हिशोब करून बघू. एक मिशनरी येतो, दहा-पंधरा वर्षं राहतो, तब्येत बिघडते, परत जातो. त्याच्या आधी, त्याच्यासोबत आणि त्याच्यानंतर चाळीस-चाळीस वर्षं त्याच गावात कोण होतं? मास्तर, प्रचारक, पाळक, घरोघरी बायकांना बायबल सांगणाऱ्या बायबल वुमन. रांचीकडे बघा. गोस्नर मिशनचे जर्मन लोक तिथे १८४५ ला आले, पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने त्यांना शत्रूचे म्हणून पकडलं आणि परत पाठवलं. जर्मन गेले, चर्च काही बंद पडलं नाही, उलट १९१९ मध्ये ते स्वतःच्या पायावर स्वतंत्र झालं. मधल्या वर्षांत गावोगावच्या शाळा आणि उपासना कोणी सांभाळल्या? तिथल्याच उरांव-मुंडा आदिवासी मास्तरांनी आणि पाळकांनी. त्यांच्यातल्या किती जणांचं चरित्र आपण वाचलंय?

आणि हे मिशनरी लोकांवर ढकलण्यात अर्थ नाही, ते लिहून गेले त्यांचं. आपलं आपण लिहायचं होतं.

आता तुम्ही म्हणाल की हे चर्चचं काम आहे, तू मेंबर नाहीस, तू कशाला मध्ये पडतोस. त्यावर माझ्याकडे एक भारी उदाहरण आहे, आणि ते मराठी आहे. तंजावरचे सरफोजी राजे भोसले. त्यांच्या आधीचे तिथले राजे तुळजाराजे, त्यांनी १७८७ मध्ये मरायच्या थोडं आधी नऊ-दहा वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतलं आणि पोराकडे लक्ष द्यायला सांगितलं कोणाला, तर श्वार्ट्झ नावाच्या ल्यूथरन मिशनऱ्याला. हा श्वार्ट्झ १७५० पासून इकडे होता, लग्न केलेलं नाही, तामिळ तर यायचीच, दरबारासाठी मराठीही शिकला होता. तुळजाराजे गेल्यावर काका अमरसिंह गादीवर बसले आणि पोराला जवळपास कोंडूनच ठेवलं, शिक्षण नाही, काही नाही. श्वार्ट्झने कंपनी सरकारकडे तगादा लावून १७९३ मध्ये पोराला मद्रासला हलवलं. पुढे सरस्वती महालचा एवढा मोठा ग्रंथसंग्रह वाढवणारा, शस्त्रक्रियेपासून छपाईपर्यंत सगळ्यात डोकं घालणारा राजा झाला तो हा मुलगा. सरफोजींना गादी मिळाली १७९८ मध्ये, आणि त्याच वर्षी, गादी मिळायच्या काही महिने आधी, फेब्रुवारीत त्यांचा मास्तर श्वार्ट्झ गेला.

त्या वेळच्या लोकांनी लिहून ठेवलंय की सरफोजी आले, देहाजवळ उभं राहून रडले आणि वर जरीचं वस्त्र घातलं. मग राजा झाल्यावर त्यांनी इंग्लंडमधला फ्लॅक्समन हा त्या काळचा नामांकित शिल्पकार गाठला आणि संगमरवरात स्मारक करून आणलं. ते आजही तंजावरच्या छोट्या किल्ल्यातल्या चर्चमध्ये आहे. त्यात म्हातारा बिछान्यावर पडलाय, राजाने त्याचा हात हातात घेतलाय, आणि बाजूला शाळेची पोरं. मला त्यात ती पोरं सगळ्यात जास्त आवडतात, कारण राजा आहे म्हणून पोरांना बाजूला केलेलं नाही. आणि मास्तरच्या थडग्यावर राजाने स्वतः रचलेली इंग्रजी कविता आहे, खंबीर, नम्र, शहाणा, मनात एक आणि तोंडात एक नसलेला, पोरक्यांचा बाप, विधवांचा आधार, अशी. इंग्रजी शाळकरी वळणाची आहे, यमक जुळवायला जरा ओढाताण केलेली दिसते, पण राजाने ती दरबारातल्या कवीकडून लिहून घेतली नाही. आणि हेही सांगतो की सरफोजी शेवटपर्यंत हिंदूच राहिले. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसल्यांचा अख्खा इतिहास मराठीत कोरून घेणारे तेच. एका हाताने देवळाच्या भिंतीवर आजोबा-पणजोबा, दुसऱ्या हाताने चर्चमध्ये मास्तर. त्यांना त्यात काही अवघड वाटलं नाही, मग मला का वाटावं.

आता पंच मंडळींशी थोडं. तुमच्याच परंपरेतली एक गोष्ट तुम्हाला सांगायचं धाडस करतो, चुकलं तर पाळकसाहेबांनी कान धरावा. मार्टिन ल्यूथरने १५२४ मध्ये जर्मनीतल्या सगळ्या नगरपालिकांच्या सभासदांना एक पत्र काढलं, छापून वाटलं, की बाबांनो तोफा, रस्ते, बंधारे यांच्यावर एवढा खर्च करता, थोडा शाळांवर करा. म्हणजे खुलं पत्रच की ते. सहा वर्षांनी परत त्याने लिहिलं की मला उपदेशाचं काम सोडावं लागलं तर शाळामास्तरकीइतकं दुसरं कुठलंच काम मला आवडणार नाही. आणि हे म्हणणारा माणूस लहानपणी शाळेत एका सकाळी पंधरा वेळा मार खाल्ल्याचं सांगायचा! म्हणजे तुमच्याकडे मास्तर हा पाळकाच्या खालचा नाही, पाळकाच्या शेजारच्या खुर्चीवरचा माणूस आहे. निदान कागदावर तरी.

दुसरी गोष्ट. जर्मनीत सोळाव्या ते अठराव्या शतकात ल्यूथरन लोकांत दफनाच्या वेळचं प्रवचन छापायची पद्धत होती, आणि त्याला जोडून मेलेल्या माणसाचं अख्खं आयुष्य. कुठे जन्मला, कोणाकडे शिकला, कोणते आजार झाले, किती मुलं गेली, शेवटचे दिवस कसे होते. काही लोक तर जिवंतपणीच आपला मजकूर स्वतः लिहून तयार ठेवायचे, म्हणजे पाळकाने घोळ घालायला नको. आज तिकडचे अभ्यासक याच कागदांवरून त्या काळचं शिक्षण, आजारपण, बायकांचं जगणं शोधून काढतात. पैसेवाल्यांचंच जास्त छापलं जायचं हे खरं, छपाईला पैसा लागतो. पण आता कुठे लागतो? मोबाइल तर सगळ्यांच्या हातात आहे.

मग आपल्याकडे दफनाच्या वेळी काय वाचतात? जन्म, लग्न, नोकरी, मुलं-नातवंडं, "अत्यंत मनमिळाऊ स्वभावाचे होते". मी ज्या ज्या दफनविधीला गेलो, हिंदू घरांतल्या तेराव्याच्या भाषणांतही तेच, तिथे सगळेच मनमिळाऊ होते. आमचे गुरुजी मनमिळाऊ अजिबात नव्हते हो! तिरसट होते. हार्मोनियमवर दुसऱ्या कोणी हात ठेवला तर खेकसायचे. संडे स्कूलच्या बाईंशी त्यांचं अबोला धरण्याइतकं भांडण होतं, कशावरून, तर गाण्याची पट्टी. पण गावाबाहेरच्या वस्तीत पटकी आली तेव्हा तिथे पाणी उकळायचं शिकवायला पहिले तेच गेले होते, हे मला माझ्या वडिलांनी सांगितलेलं. हे सगळं मिळून गुरुजी होतात. मनमिळाऊ म्हटलं की गुरुजी गायब.

म्हणून माझी विनंती अशी आहे की चर्चमध्ये बाप्तिस्म्याचं रजिस्टर असतं, लग्नाचं असतं, दफनाचं असतं, त्याच कपाटात एक जाड वही ठेवा. रिटायर झालेल्या प्रत्येक मास्तर, बाई, पाळक, प्रचारकासाठी आठ-दहा पानं. आणि ती भरायची माणूस जिवंत असताना, त्याच्यासमोर बसून. तरुण संघाची पोरं नाताळला घरोघरी कॅरल गात फिरतातच, त्यातल्या दोघांनी एका रविवारी गिटार घरी ठेवून पेन घेऊन जावं. आणि "आपला संदेश काय" असलं काही विचारू नका, म्हातारी माणसं लगेच प्रवचन सुरू करतात, पाळक असतील तर नक्कीच. विचारा की पहिला पगार किती होता आणि त्यात काय आणलं. बदली झाली तेव्हा सामान कशातून नेलं. कोणत्या पोराला मारल्याचं वाईट वाटतं. कोणाचं दफन करताना हात थरथरले.

आणि बायकांना विसरू नका. पाळकाच्या बायकोला पगार नसतो, पण रात्री दार वाजलं की उठून चूल तीच पेटवते. होस्टेलच्या बाईंनी किती पोरींच्या उवा काढल्या आणि किती जणींची चौदाव्या वर्षी ठरलेली लग्नं मोडायला लावली, हे कुठल्याच रिपोर्टात येत नाही.

रिटायर पाळकांचं तर अजून वेगळंच. मास्तरला निदान सगळी नोकरी एका गावात काढता येते. पाळक आयुष्यभर चर्चच्या बंगल्यात, दर थोड्या वर्षांनी बदली, आणि साठी-पासष्टीला बंगला सोडायचा तेव्हा ना स्वतःचं घर, ना एक गाव. सहा मंडळ्यांत काम केलं तर प्रत्येक मंडळीकडे त्याची पाच-सहा वर्षंच आहेत, सगळं आयुष्य कोणाकडेच नाही. म्हणून तुमच्या वहीतल्या पानांचा फोटो काढून दुसऱ्या मंडळीला पाठवा, तिकडचे लोक पुढची वर्षं जोडतील.

दोस्तहो, आता तुमच्याकडे. तुम्ही पुण्याला, नागपूरला, बेंगलोरला, एक जण तर कॅनडात आहे. ग्रुपवर रोज सकाळी फुलांचे फोटो टाकता, त्याऐवजी एक काम करा. गुरुजींची एक, फक्त एक गोष्ट आवाजात रेकॉर्ड करून टाका. टाइप करायचा कंटाळा येतो हे मला माहीत आहे. खोटं मोठेपण नको, मार खाल्ला असेल तर तेही सांगा. मी सगळं उतरवून घेईन, आणि गैरहजेरीच्या वहीतलं तुमच्या नावापुढचं काय आहे ते ज्याचं त्याला पर्सनलवर पाठवीन. बाकीच्यांना दाखवणार नाही, काही नोंदी घरातल्या आहेत. कॅनडावाल्या, तुझ्या नावापुढे सलग चार दिवस एकच शब्द आहे, फोन कर, सांगतो.

गुरुजींचं नाव मी इथे लिहिलेलं नाही, घरच्यांना अजून विचारलेलं नाही म्हणून. ओळखणारे ओळखतील.

आणि हो, आपल्या लहानपणी जे पाळकसाहेब होते, जे सायकलच्या कॅरिअरला बायबल आणि हँडलला भाजीची पिशवी अडकवून फिरायचे, ते अजून आहेत. भाड्याच्या दोन खोल्यांत, मुलीच्या शेजारी. मी परवा फोन केला. ऐकायला कमी येतं, तीनदा नाव सांगावं लागलं, मग म्हणाले, "तू वो खपरैल वाला?" मी काय बोलणार. त्यांना कौलांचं माहीत होतं, म्हणजे दोघांनी मिळून दिली होती की काय, की गुरुजींनी चर्चच्या छपरावरची उचलून आणली होती, ते विचारायचं आहे. पुढच्या रविवारी दुपारी चारनंतर या म्हणालेत, त्याआधी झोपतात. कोणाला सोबत यायचं असेल तर शनिवारपर्यंत कळवा, माझ्या गाडीत तीन जागा आहेत.

तुमचाच,
मागच्या बाकावरचा, छत गळणाऱ्या घरातला